४० तास राहू द्या ताई, आधी 'दे' शिकवू

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मी कशाला धरून बोलतेय ते वाचणाऱ्या बाकीच्या आईबाबांनाही कळेल. मुलगा साडेतीन वर्षांचा, दोन महिन्यांपूर्वी पुण्याला डेव्हलपमेंटल पेडिएट्रिशियननी ऑटिझम सांगितला, शब्द जवळजवळ नाहीतच, मोबाईल काढून घेतला की फरशीवर डोकं आपटतो. तिकडच्या एका सेंटरने आठवड्याला ४० तास एबीए, म्हणजे वागणुकीवर काम करणारी बिहेवियर थेरपी, करा असं सांगितलंय, तुमच्या तालुक्याच्या गावात फक्त एक स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात, आणि सासूबाई म्हणतात याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. नोकरी सोडून पुण्यात खोली घेऊन राहू का, आणि सुरुवात नेमकी कुठून करू, हा तुमचा प्रश्न.

खोली आत्ता घेऊ नका. निदान दोन-तीन महिने तरी नाही. मी ऑटिझमवाल्या मुलांना शिकवायचं काम १८ वर्षं करतेय, आणि घाईघाईत गाव सोडून आलेल्या आया मी बघितल्यात, नवरा तिकडे, पोरगं इकडे, आई दिवसभर रिक्षाने या थेरपीतून त्या थेरपीला, आणि घरी आल्यावर मुलाशी दोन मिनिटं खेळायची ताकद उरत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलाचं शिकणं बरंचसं त्या उरलेल्या वेळात होतं, ते आधी लक्षात घ्या.

४० हा आकडा आला कुठून ते सांगते, कारण तो ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात इव्हार लोवास नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा १९८७ सालचा अभ्यास आहे. १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास वगैरे शिकवलं, त्यातली ९ मुलं पहिलीचं वर्ष नेहमीच्या वर्गात पार करू शकली. त्या अभ्यासाने ऑटिझमवाली मुलं शिकू शकतात हे जगाला दाखवलं, हे त्याचं मोठेपण. पण कुठलं मूल या ४० तासांच्या गटात आणि कुठलं तुलनेसाठीच्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, म्हणून निकालावर पूर्ण विसंबता येत नाही, आणि मुलांना जोरात 'नाही' म्हणून ओरडणं, मांडीवर चापट मारणं हेही त्यात होतं. आज कुठलाही चांगला थेरपिस्ट चापट मारणार नाही, पण ४० चा आकडा मात्र तसाच चिकटून राहिलाय. मधल्या काळात खेळातून, जेवणाखाण्यातून, अंघोळीतून शिकवायच्या पद्धती आल्या, त्यांनाही पुराव्याचा आधार आहे. त्यातली अर्ली स्टार्ट डेन्व्हर ही अगदी लहान मुलांसाठीचीच, आणि तिच्यात आईबाबांना शिकवणं हा मोठा भाग असतो. तासांचं महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. त्या तासांत काय चाललंय हे आधी बघायचं.

थेरपीच्याही आधी एक-दोन गोष्टी. कानाची तपासणी झालीय का? बेरा टेस्ट? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतेय. ऐकू कमी येणारं मूल हाकेला ओ देत नाही आणि सगळे त्याला ऑटिझमच समजत बसतात, किंवा दोन्ही असतं. दात, पोट साफ होणं, झोप, आणि मधेच टक लावून हरवल्यासारखा होतो का, हेही डॉक्टरांना सांगा, कारण या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं. माझ्याकडे एक मुलगा अचानक गालावर बुक्क्या मारायला लागला होता, आम्ही सगळे वागणुकीचा विचार करत बसलो आणि निघाली किडलेली दाढ. तेव्हापासून नवीन काही सुरू झालं की माझा पहिला प्रश्न दुखतंय का हा असतो.

आता बिहेवियर थेरपी म्हणजे काय. माणूस जे वागतो त्याच्या आधी काहीतरी घडलेलं असतं आणि नंतर त्याला काहीतरी मिळतं, आणि जे मिळतं त्यावर ते वागणं टिकतं किंवा विरतं, एवढीच मूळ गोष्ट. त्यासाठी एक दहा-वीस रुपयांची वही घ्या. पानावर तीन रकाने पाडा: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ लिहा. 'चिडला', 'हट्ट केला' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'मी फोन हातातून घेतला, तो खाली बसला आणि फरशीवर कपाळ चार वेळा आपटलं, आजीने फोन परत दिला, थांबला', असं लिहा. पंधरा दिवस फक्त लिहायचं, बदलायला जाऊ नका. सापडायचं काय असतं तर त्या वागण्यातून त्याला काय मिळतंय, आणि ते बहुतेक वेळा चारातलं एक असतं. एखादी वस्तू हवी असते, नको असलेल्या गोष्टीतून सुटायचं असतं, कुणाचं लक्ष हवं असतं, नाहीतर ते करण्यातच शरीराला बरं वाटत असतं, म्हणजे गोल फिरणं, हात फडफडवणं, गुणगुणणं.

वहीची ताकद सांगते. एका घरात मुलगा रोज संध्याकाळी आजीला चावायचा. आत्या म्हणायची मत्सर, बाबा म्हणायचे लाडाने बिघडला, आजी बिचारी रडायची. आईने दहा दिवस लिहिलं आणि दिसलं की चावणं साडेसातच्या आसपास, आजी ओट्यापाशी असताना, कुकरची शिट्टी झाली की. रविवारी दुपारी कुकर लावला तर चावणं दुपारी. त्याला तो आवाज सोसत नव्हता, आणि चावलं की आजी त्याला उचलून बाहेर न्यायची, म्हणजे चावणं हेच त्याचं 'मला बाहेर ने' होतं. मग कुकर लावायच्या आधी आजोबा त्याला गच्चीवर न्यायला लागले, आणि दाराकडे बोट दाखवलं की लगेच बाहेर न्यायचं असं आम्ही शिकवत गेलो. चावणं महिन्याभरात जवळपास गेलं. शिट्टीचा त्रास त्याला आजही होतो, पण आता तो स्वतः कानावर हात ठेवतो आणि बाहेर जातो, आणि कुणी त्याला थांबवत नाही.

आता माझ्या मते जे सगळ्यात आधी करायचं त्याबद्दल, आणि इथे मला स्वतःची एक चूक सांगायला हवी. सुरुवातीला मी ज्या सेंटरला होते तिथे प्रत्येक मुलाचा पहिला धडा 'माझ्याकडे बघ' हा असायचा. खुर्चीत बसवायचं, बघ म्हणायचं, बघितलं की चुरमुरा द्यायचा. एक मुलगी होती, सहा महिन्यांत ती दहापैकी नऊ वेळा बघायला लागली, मी आलेख काढून तिच्या आईला दाखवला. आई म्हणाली, मॅडम, हिला तहान लागली तर ही मला सांगेल का? मला उत्तर देता आलं नाही. सहा महिने मी तिला माझ्या सोयीचं शिकवलं होतं, तिच्या उपयोगाचं काहीच नाही. आता ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः लिहितात, बोलतात, की जबरदस्तीने डोळ्यात बघायला लावणं, हात फडफडवले की दाबून धरणं याचा त्यांना किती त्रास झाला. ते ऐकलं की मला ती मुलगी आठवते.

म्हणून, आधी मागायला शिकवा. आमच्या भाषेत त्याला मँड म्हणतात, स्किनरने १९५७ साली हा शब्द काढला, पण तुम्ही मागणं म्हणा. मूल जे पहिलं शिकतं ते त्याला हवं असलेलं मिळवून देणारं असलं की शिकणं त्याला आवडायला लागतं, आणि डोकं आपटण्याची गरजही हळूहळू कमी होते, कारण तेच काम दुसऱ्या सोप्या मार्गाने होतं.

पहिला आठवडा मात्र काहीच मागू नका त्याच्याकडून. हे काय, ते काय, बाय कर, ए फॉर ॲपल म्हण, सगळं बंद. त्याच्याजवळ बसा, तो चाकं फिरवत असेल तर तुम्हीही एक चाक फिरवा, त्याला आवडतं ते आणून द्या. तुम्ही आलात की काहीतरी छान होतं हे त्याला कळू दे. बऱ्याच घरांत आई आली म्हणजे काहीतरी करायला लावणार असं समीकरण झालेलं असतं आणि मूल पाठ फिरवतं, ते आधी मोडायला लागतं.

मग त्याला काय काय आवडतं त्याची यादी करा, फक्त खाणं नाही, झोका, पाठीवर घेणं, फुगे, पाण्याशी खेळणं, चादरीत गुंडाळून घेणं, सगळं. समजा झोका आवडतो. चार-पाच झोके द्या आणि थांबवा. झोका हातात धरून ठेवा, चेहऱ्यावर उत्सुकता ठेवा, आणि मनात पाचपर्यंत मोजा. ही पाच सेकंदं फार अवघड जातात, आपण लगेच बोलतो. तो तुमच्याकडे बघेल, अंग हलवेल, तुमचा हात ढकलेल, काहीतरी आवाज काढेल. जे काही करेल ते मागणं धरा, स्वच्छ आवाजात एकदाच 'दे' म्हणा आणि लगेच झोका द्या. लगेच म्हणजे त्याच सेकंदाला. काहीच केलं नाही तर त्याचा हात हळूच धरून तुमच्या हातावर ठेवा आणि झोका द्या, आणि पुढच्या वेळी ती मदत थोडी कमी करा, मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग नुसतं थांबणं. मदत द्यायची आणि काढत न्यायची, या कामातली बरीच कला त्या काढत नेण्यात आहे. चिवडा, बिस्किटं पारदर्शक घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा म्हणजे दिसतं पण उघडत नाही, त्याला तुमच्याकडे यावं लागतं. पण एक सांगते, भूक मारून, पाणी अडवून मागायला लावू नका कधीही. जेवण आणि पाणी हा त्याचा हक्क आहे, त्याचा सौदा होत नाही.

शब्दच यायला हवा असं धरून बसू नका. 'द' आला तरी चालेल, हात पुढे केला तरी चालेल. आवाज अजिबात नसेल तर फोटो वापरा, त्याच्याच स्टीलच्या पेल्याचा, त्याच्याच झोक्याचा फोटो काढून प्रिंट करा, तो फोटो तुमच्या हातात देईल आणि तुम्ही वस्तू द्याल. चित्रं दिली की मूल बोलायचं थांबेल ही भीती प्रत्येक घरात असते, तसं होत नाही, उलट काही मुलांचं बोलणं त्यामुळेच सुरू होतं. पुढे लागलं तर आयआयटी मुंबईच्या मंडळींनी बनवलेलं जेलो नावाचं मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे. आणि 'दे' इतकंच 'नको' शिकवा. ज्याला नको म्हणता येतं आणि ज्याचं नको ऐकलं जातं ते मूल ताट भिरकावत नाही.

भाषेचं राहिलं. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की घरात फक्त इंग्लिश बोला म्हणजे तो गोंधळणार नाही. नका ऐकू. दोन भाषांमुळे ऑटिझमवाल्या मुलांचं नुकसान होतं असं संशोधनात दिसलेलं नाही, आणि ज्या भाषेत आजी गाणं म्हणते, ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, तीच त्याची भाषा. मी अशी मुलं बघितलीत ज्यांना लाल, पिवळा इंग्लिशमध्ये येतो आणि 'चल, पाय धुऊ' कळत नाही. दे, नको, चल, उघड, अजून, संपलं, या इतक्या छोट्या आणि रोजच्या शब्दांनी सुरुवात करायला मराठी फार सोयीची आहे.

आता मोबाईल आणि डोकं आपटणं. तुमच्या वर्णनावरून वस्तू हवी म्हणून होतंय असं वाटतं, वहीत नक्की होईल. नोंदींचे पंधरा दिवस झाले की मग यात हात घाला. एकदम मोबाईल कपाटात टाकू नका. आधी देवाणघेवाणीचा सराव करा: तो शांत असताना फोन मागा, त्याने दिला, किंवा तुम्ही हळूच घेतला, की दोन सेकंदांत परत द्या. असं दिवसातून दहा वेळा. देणं म्हणजे कायमचं जाणं नाही हे त्याला कळलं की निम्मी भीती जाते. मग पाच सेकंद, मग वीस, आणि मधे त्याच्या आवडीचं दुसरं काही, झोका किंवा पाणी. फोन बंद करायच्या आधी त्याला दिसेल असं काहीतरी द्या, वाळूचं घड्याळ किंवा बोटांनी तीन-दोन-एक, आणि 'संपलं'. परत हवा असेल तर 'अजून' म्हणायला, किंवा फोनचा फोटो द्यायला शिकवा, आणि सुरुवातीला अजून मागितलं की खरंच द्या.

डोकं आपटल्यावर मात्र फोन द्यायचा नाही. तेव्हा तुमचं काम फक्त डोकं वाचवणं, हात किंवा उशी मधे घाला, बोलणं कमी, रागावणं नाही. आणि हे लिहून ठेवा, पहिले काही दिवस ते वाढू शकतं. नेहमी उघडणारं दार उघडलं नाही की आपण कडी जोरात वाजवतो, तसंच. त्याच वेळी घरातल्या एकानेही तिसऱ्या दिवशी कीव येऊन फोन दिला तर तो एवढंच शिकतो की आणखी जोरात, आणखी वेळ आपटायला हवं. म्हणून घरातली सगळी मोठी माणसं तयार असल्याशिवाय हे सुरूच करू नका, अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं. जखम होत असेल, सूज येत असेल, किंवा कारण वहीतून सापडत नसेल तर हे घरच्या घरी करायचं काम नाही, जाणकाराला सोबत घ्या.

जाणकार कोण? आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद म्हणजे आरसीआयची नोंदणी असते, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना सीआरआर नंबर असतो, तो बिनधास्त मागा. बीसीबीए हे एबीए करणाऱ्यांसाठीचं अमेरिकेतल्या एका संस्थेचं प्रमाणपत्र, ती संस्था २०२३ पासून भारतातल्या नवीन लोकांना ते देत नाही, त्यामुळे आपल्याकडे तशी माणसं मोजकीच आहेत आणि बाकीची वेगवेगळे कोर्स केलेली, कुणी उत्तम, कुणी तीन आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन बोर्ड लावलेली. म्हणून कागदाइतकंच वागणं बघा. विचारा: मी सेशनला आत बसू शकते का? तो रडला तर तुम्ही काय करता? तीन महिन्यांची ध्येयं कुठली, आणि ती कशी मोजणार? तो हात फडफडवतो त्याचं काय करणार? दार बंद ठेवून आईला बाहेर बसवणारं सेंटर, 'शंभर टक्के बरा करू' म्हणणारं सेंटर, रडून थकेपर्यंत खुर्चीत बसवणारं सेंटर, यातलं एक जरी दिसलं तरी मी माझ्या भाच्याला तिथे पाठवणार नाही. फी कितीही असो, कुणाचीही ओळख असो.

गावात रोजचा थेरपिस्ट नाही याने खचू नका. बहुतेक जिल्ह्यांच्या सिव्हिल हॉस्पिटलला डीईआयसी नावाचा विभाग असतो, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातला, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते, कुठे चांगली चालते कुठे माणसं कमी, पण जाऊन बघाच. आणि आपल्या शेजारी गोव्यात संगाथ या संस्थेने एक काम केलंय ते मी प्रत्येक आईला सांगते. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी मिळून ६५ मुलांचा अभ्यास, २०१६ साली छापून आला. निम्म्या कुटुंबांसोबत तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी काम केलं, सहा महिन्यांत १२ भेटी, आईबाबांचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचा आणि तो त्यांच्यासोबत बघून बोलायचं. त्या घरांतले आईबाबा मुलाच्या कलाने घ्यायला शिकले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद करायला लागली. ही पद्धत एबीए नाही, संवादावरची आहे, पण तुमच्यासाठी त्यात मोठी गोष्ट आहे, की हे काम घरात, आईच्या हातून होऊ शकतं. तुम्हीही तसे व्हिडिओ काढा, आठवड्याला पाच मिनिटांचा एक, आणि रात्री स्वतः बघा. आपण किती बोलतो आणि किती कमी थांबतो हे बघून पहिल्यांदा सगळ्यांनाच धक्का बसतो. पुण्या-मुंबईच्या चांगल्या थेरपिस्टकडे महिन्यातून एकदा जा, ते व्हिडिओ आणि वही घेऊन. रोजच्या धावपळीपेक्षा यातून जास्त मिळतं.

कागदपत्रांचं भराभर सांगते. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करून ठेवा, दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे. इसा नावाची ४० मुद्द्यांची चाचणी करतील, ७० किंवा जास्त गुण म्हणजे ऑटिझम, त्या आकड्याने घाबरू नका, तो कागदासाठी आहे. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची निरामय विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, त्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. आणि स्टेम सेलच्या जाहिराती येतील तुमच्या फोनवर, लाखो रुपयांच्या. ऑटिझमवर तो मान्य उपचार नाही, त्या पैशात तुमची दोन-तीन वर्षांची थेरपी निघते.

सासूबाईंशी भांडू नका. त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांचा मुलगा खरंच उशिरा बोलला असेल, आणि त्यांना भीती वाटतेय, तुमच्याइतकीच. पण त्यांच्याकडे एक सवय असणार, न मागता सगळं हातात द्यायची, नातवाने फ्रिजकडे बघितलं की दूध तयार. त्यांना सांगा, आई, दूध तुम्हीच द्या, फक्त पाच मोजून द्या. मी बऱ्याच घरांत हे काम आजीकडे सोपवलंय, कारण आजीला घाई नसते आणि तिच्या मांडीवर मूल मोकळं असतं. आणि पहिला 'दे' आजीने ऐकला ना, की मग त्या घरात वाद राहत नाही.

तुमच्या झोपेचं बघा. रात्री दोनपर्यंत यूट्यूबवर थेरपीचे व्हिडिओ बघताय असं लिहिलंय तुम्ही, ते थांबवा. उद्यापासून फक्त वही आणि झोका. पंधरा दिवसांनी वहीची पानं फोटो काढून मला पाठवा, मी रविवारी निवांत बसून बघते, आणि बेराचा रिपोर्ट काय आला तेही कळवा.